बुडबुडा फुटतो की मिटतो?

पंप आणि जहाजाचे पंखे यांच्या संदर्भात येणाऱ्या ‘कॅव्हिटेशन’ला (वाहत्या पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन नाहीसे होण्याच्या क्रियेला) मराठीत काय म्हणावे, आणि ‘बुडबुडे फुटून धातूची झीज होते’ हे वाक्य योग्य आहे का, असा प्रश्न आहे. नाव ठरवण्याआधी या वाक्यातील ‘फुटणे’ आणि ‘झीज’ हे दोन्ही शब्द तपासायला हवेत, कारण दोन्ही वाचकाला चुकीचे चित्र दाखवतात.

फुगा फुटतो तेव्हा आतले बाहेर येते. येथे नेमके उलटे घडते. वेगाने फिरणाऱ्या पात्याच्या पाठीवर पाण्याचा दाब इतका उतरतो (२० अंश सेल्सिअसला वातावरणाच्या दाबाच्या चाळिसाव्या हिश्श्याच्याही खाली) की पाणी थंड असतानाच उकळते आणि वाफेचे बुडबुडे तयार होतात. तेच बुडबुडे प्रवाहाबरोबर जास्त दाबाच्या भागात पोहोचले की वाफेचे पुन्हा पाणी होते आणि भोवतालचे पाणी चहूकडून आत धावते. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेली यांनी १९१७ साली याचे गणित मांडले. त्यानुसार एक मिलिमीटर त्रिज्येची रिकामी पोकळी वातावरणाच्या दाबाखाली सेकंदाच्या सुमारे अकरा हजाराव्या भागात नाहीशी होते. या क्रियेला काही जण ‘कोसळणे’ म्हणतात, पण त्यात वरून खाली पडणे आहे. फूल मिटते, डोळा मिटतो, तसा हा बुडबुडा मिटतो. मला हेच क्रियापद सर्वांत नेमके वाटते.

धातूजवळचा बुडबुडा मात्र सगळीकडून सारखा मिटत नाही. भिंतीच्या बाजूने पाण्याला आत यायला वाव नसल्यामुळे समोरची बाजू आधी खचते, आणि पाण्याची बारीक धार बुडबुड्याच्या पोटातून सेकंदाला सुमारे शंभर मीटर वेगाने भिंतीवर आदळते; शिवाय मिटण्याच्या अखेरच्या क्षणी धक्कालहरही निघते.

म्हणूनच ‘झीज’ नको. देवळाची पायरी झिजते आणि गुळगुळीत होते. दुरुस्तीसाठी उघडलेल्या एका पंपाचा इंपेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे फिरते चाक) मी हातात घेतला होता. पात्यावरून बोट फिरवताना नुकतीच टाकी (छिन्नी) लावलेल्या पाट्याची आठवण झाली, तशीच खरखरीत, बारीक खड्ड्यांनी भरलेली पाठ. हे साम्य केवळ स्पर्शाचे नाही, कारण टाकीसुद्धा घासत नाही, एकाच जागी घाव घालून कण उडवते. तेव्हा ‘बुडबुडे मिटताना बसणाऱ्या घावांनी धातूचे टवके उडतात’ असे लिहावे.

नावासाठी मी ‘बाष्पपोकळी’ सुचवेन. मूळ शब्द लॅटिनमधील ‘पोकळ’ या अर्थाच्या शब्दावरून आला आहे, पण नुसती ‘पोकळी’ म्हटले की निर्वाताचा भास होतो. ‘हवेचे बुडबुडे’ तर कटाक्षाने टाळावे. ‘पंप हवा घेतो’ असे शेतकरी म्हणतात तो दोष वेगळा: तेथे सक्शन पाइपातून बाहेरची हवा शिरते. बाष्पपोकळीत हवा उलट उपकारक ठरते, कारण वाफेचे पुन्हा पाणी होते, हवेचे मात्र होत नाही आणि ती उशीसारखी मधे राहते. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवरील ग्लेन कॅन्यन धरणाच्या सांडव्याच्या बोगद्यात १९८३च्या पुरात बाष्पपोकळीने काँक्रीटचे अस्तर फोडून खालच्या वालुकाश्मात सुमारे दहा मीटर खोल खड्डा पाडला. दुरुस्ती करताना अभियंत्यांनी बोगद्यात खाच ठेवली, ती वाहत्या पाण्यात हवा मिसळावी म्हणून.