पिवळे निशाण आणि मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटी

प्रश्न : आमचे पणजोबा प्लेगच्या सुमारास मुंबई बंदरात खलाशी होते. बोटीवर पिवळे निशाण चढले की डॉक्टर येऊन जाईपर्यंत कोणालाही खाली उतरता येत नसे, असे ते सांगत. ही पद्धत नेमकी काय होती? आणि परदेशी बोटी वेळीच अडवल्या असत्या, तर मुंबईतली साथ वाढली नसती का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात गाठीच्या तापाचे निदान केले, तेव्हा गोदीलगतच्या वखारींत आणि दाट वस्तीत रोग आधीच शिरलेला होता. त्यानंतर जगाला धास्ती पडली ती मुंबईत येणाऱ्या बोटींची नव्हे, तर मुंबईहून सुटणाऱ्या बोटींची. सुएझ कालव्यामुळे भूमध्य समुद्र जवळ आला होता, आणि १८९७ च्या आरंभी व्हेनिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत प्रामुख्याने हिंदुस्थानातल्या प्लेगचीच चर्चा झाली. त्याच वर्षीच्या ४ फेब्रुवारीला येथे साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि बंदरात येणारी वा बंदर सोडणारी जहाजे तपासण्याचे व अडकवून ठेवण्याचे अधिकार सरकारला मिळाले.

परिषदेच्या नियमानुसार प्रत्येक उतारूची तपासणी बोटीवर चढण्यापूर्वी, दिवसाउजेडी, जमिनीवर आणि एकेकट्याने व्हायची. डॉक्टर ताप पाहत आणि मान, काख व जांघ चाचपून गाठ आहे का ते बघत. पुढच्या बंदरात कप्तानाला आरोग्याचा दाखला दाखवावा लागे. ज्या बंदरातून बोट निघाली तेथे साथ असेल, तर दाखला सदोष ठरे. मग बोट दूर नांगरून पिवळे निशाण लावायचे आणि वाट पाहायची. बोट निरोगी, संशयित की रोगग्रस्त, हे डॉक्टर ठरवत आणि त्यावर पुढचा मुक्काम अवलंबून असे. (आज हेच पिवळे निशाण ‘आमच्या जहाजावर सर्व निरोगी आहेत, बंदरात येऊ द्यावे’ असे सांगते.)

सर्वाधिक झळ बसली ती हज यात्रेकरूंना. पूर्वेकडून जेद्दाला जाणाऱ्या बोटींना तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर थांबावे लागे. १८८२ पासून तेथे तुर्की सरकारचे विलगीकरण केंद्र होते. १८९७ मध्ये तर मुंबईहून यात्राच बंद ठेवण्यात आली. एरवी बोटी खोळंबल्या की व्यापार बुडतो, म्हणून इंग्रज सरकार दीर्घ विलगीकरणाच्या विरोधात असे. खुद्द इंग्लंडने १८२५ चा जुना विलगीकरण कायदा रद्द केला तो नेमका १८९६ मध्येच. मुंबईत मात्र युरोपीय बाजारपेठ गमावण्याची भीती त्या तत्त्वापेक्षा मोठी ठरली, असे मला वाटते.

आता हे सारे उपयोगी पडले का? माणसांची इतकी कसून तपासणी होत असताना उंदरांकडे जवळजवळ कोणाचेच लक्ष नव्हते. धान्याच्या पोत्यांबरोबर उंदीर बोटीत शिरत आणि धक्क्याला बांधलेल्या दोरांवरून उतरत. उंदरांवरील पिसवा रोग पसरवतात, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवले, पण ते लगेच कोणी मानले नाही. १९०५ मध्ये नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाच्या परळ येथील कामानंतरच ते पक्के झाले. पुढे जहाजांच्या तळघरांत गंधकाची धुरी देणे, उंदीर मारल्याचा दाखला मागणे आणि दोरांवर पत्र्याच्या गोल तबकड्या बसवणे रूढ झाले. त्या तबकड्या आजही बंदरात दिसतात.