परत आलोय, पण अजून पोचलो नाही

परदेशात राहून परतून आलेल्यांचे प्रश्न बरेच साठलेत, त्यातले चार आज घेते.

प्रश्न: अकरा वर्षांनी कायमचे परत आलो. पहिले दोन महिने मस्त गेले, आता सहावा चालू आहे आणि कशावरही चिडचिड होते. जाताना एवढा त्रास झाला नव्हता, मग आपल्याच घरी असं का?

आपलंच घर आहे म्हणूनच! तिकडे गेलात तेव्हा तुम्ही नवखे आहात हे तुम्हालाही माहीत होतं आणि समोरच्यालाही, त्यामुळे फॉर्म चुकला, रांग चुकली तरी लोक चालवून घ्यायचे. इथं चेहरा, भाषा, आडनाव सगळं इथलंच, मग जरा अडखळलात की 'एवढंही कळत नाही?' अशी नजर. लायसगार्ड नावाच्या नॉर्वेजियन संशोधकानं १९५५ मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या देशबांधवांचा अभ्यास करून परदेशात रुळण्याचा यू आकाराचा आलेख मांडला, म्हणजे आधी मजा, मग घसरण, मग हळूहळू वर. १९६३ मध्ये गलाहॉर्न पतिपत्नींनी दाखवलं की घरी परतल्यावर अजून एक यू येतो, दोन्ही जोडले की डब्ल्यू. तुम्ही सध्या त्या दुसऱ्या खड्ड्यात आहात असं समजा. अर्थात हे काही रेल्वेचं टाइमटेबल नाही, नंतरच्या अभ्यासांत तो आलेख सगळ्यांना लागू पडलेला नाही.

मी परतले तेव्हा दोन महिने रात्री उठलं की हात दाराच्या डावीकडे जायचा आणि तिथं नुसती भिंत. लाइटचं बटण डावीकडे होतं ते तिकडच्या घरात, पण ते घर सोडल्याचं हाताला कुणी सांगितलंच नव्हतं. तर थोडा वेळ द्या, घर घेणं, नोकरी सोडणं असले मोठे निर्णय जरा लांबवा, आणि कुठं अडलं की सरळ सांगा, 'बरीच वर्षं इथं नव्हते, जरा समजावून सांगता का?' लाज वाटते पहिल्यांदा, पण काम होतं.

प्रश्न: मित्रांत तिकडचा विषय काढला की 'झालं याचं सुरू!' म्हणतात. मी काय बढाया मारतो का?

मारत नसालही, पण ऐकणाऱ्याला ती तुलना वाटते. आल्फ्रेड शूट्झ म्हणून समाजशास्त्रज्ञ होते, स्वतः ऑस्ट्रिया सोडून १९३९ मध्ये न्यूयॉर्कला गेलेले. घरी परतणाऱ्या माणसावर त्यांनी १९४५ मध्ये निबंध लिहिला आणि सुरुवात केली ग्रीक महाकवी होमरच्या ओडिसियस या नायकापासून, ज्याला झोपेतच त्याच्या बेटावर उतरवतात आणि जाग आल्यावर त्याला आपलीच भूमी ओळखू येत नाही. शूट्झ म्हणतात की परतणाऱ्याला वाटतं मागचं सगळं होतं तसंच असेल, आणि मागं राहिलेल्यांना वाटतं हा गेला तसाच परत आला, आणि दोघंही फसतात. मला विचाराल तर तुम्ही नव्हतात त्या वर्षांत त्यांचं काय काय झालं हे आधी विचारा, कुणाचं आजारपण, कुणाचा बुडालेला धंदा, फोनवर दहा मिनिटांत ऐकून सोडून दिलेलं सगळं. आणि तिकडचं बोलायला दुसरा कुणी परतलेला गाठा, त्याला तुलना टोचत नाही.

प्रश्न: मुलगी दहा वर्षांची, जन्म तिकडचा. रोज म्हणते, 'मला घरी जायचंय.' काय सांगू?

तिचं बरोबर आहे हो. परत तुम्ही आलात, ती आलेली नाही, ती परदेशी आलीय! रूथ युसीम यांनी १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना अशा मुलांना 'थर्ड कल्चर किड्स' म्हटलं, आईबापांच्या आणि राहत्या देशाच्या मधल्याच संस्कृतीत वाढणारी मुलं. जपानीत तर परदेशात वाढून परतलेल्या मुलांसाठी 'किकोकुशिजो' असा वेगळा शब्दच आहे. तेव्हा 'हेच तुझं घर' हे रोज ऐकवणं थांबवा. तिकडच्या एकदोन मैत्रिणींशी ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल चालू ठेवा, आणि तिकडची भाषा तोडू नका. या वयात भाषा वापरली नाही की भराभर जाते, लेखन-वाचन चालू असेल तर टिकते. शाळेत गप्प बसते म्हणून लगेच घाबरू नका, पण जेवण-झोप बिघडली किंवा महिनोन्‌महिने तसंच राहिलं तर समुपदेशकाला जरूर दाखवा.

प्रश्न: नणंद चारचौघांत म्हणते, 'तिकडे जमलं नाही म्हणून आले.' काय उत्तर द्यावं?

चेरासे या इटालियन अभ्यासकानं अमेरिकेहून परतलेल्या इटालियन लोकांचे १९७४ मध्ये चार प्रकार सांगितले: न जमल्यामुळे आलेले, साठवलेल्या पैशावर जुन्या पद्धतीनंच जगायला आलेले, म्हातारपण काढायला आलेले आणि काही नवं करायला आलेले. नणंदबाईंना त्यातला पहिलाच माहीत आहे. आणि खरंच जमलं नसेल तरी काय बिघडलं, ते चारचौघांत कबूल करायची काही सक्ती नाही. 'हो, आलो परत' एवढंच म्हणा आणि विषय बदला. मी तेच करायचे, दर वेळी जमायचंच असं नाही, एकदा चांगली उलटून बोललेही.