गाडीसकट गायब झालेलं कुटुंब 60हून जास्त वर्षांनी कसं सापडतं? नाशिकच्या गंगापूर धरणात अशी गाडी असेल तर शोधायची कशी?

अमेरिकेतल्या ओरेगनमधलं मार्टिन कुटुंब डिसेंबर 1958 मध्ये नाताळच्या सजावटीसाठी हिरव्या फांद्या आणायला गाडीने निघालं आणि पाच जण गायब. 1959 मध्ये दोन मुलींचे मृतदेह कोलंबिया नदीत मिळाले, गाडी मात्र 2024 पर्यंत नाही. कारण साधं: गाळ.

बुडताना गाडी लगेच तळाला जात नाही. इंजिनाच्या वजनाने नाक खाली जातं आणि तेवढ्यात प्रवाह तिला पुढे ढकलतो. म्हणून कठडा तुटलेल्या जागेखालीच गळ टाकत बसणं ही नेहमीची चूक. धरणात प्रवाह मंद, त्यामुळे गाडी फार लांब जात नाही. मे महिन्यात पाणी उतरलं की बोटीमागे साइड-स्कॅन सोनार (आवाजाच्या लहरींनी तळाचं चित्र काढणारं यंत्र) ओढत समांतर पट्टे मारायचे, प्रत्येक पट्टा शेजारच्यावर थोडा चढलेला. पडद्यावर आधी सावली बघा. टपाचा चौकोन तिथेच कळतो. पूर्ण गाळात गेलेली गाडी या सोनारला दिसत नाही, तिथे मॅग्नेटोमीटर (लोखंड ओळखणारं यंत्र) लागतो.

काढताना घाई नको. मार्च 2025 मध्ये क्रेनने ओढल्यावर मार्टिनांच्या गाडीची जवळपास फक्त चौकटच चाकांसह वर आली, बाकी गाळात राहिली. आधी आतला गाळ उपसून चाळायचा (हाडं, चाव्या, बटणं त्यातच असतात), मग उचलायचे पट्टे चेसिसखालून (गाडीच्या सांगाड्याखालून) घ्यायचे. बंपरला हूक लावलात तर हातात बंपरच येतो.

नंबरप्लेट गंजून गेली तरी चेसिस नंबर ठोकलेला असतो. आरटीओचं जुनं रजिस्टर तिथूनच उघडतं. अर्थात हे सगळं पोलिसांसमोर, पंचनाम्यासह.