जेटीवरची सुरमई

प्रश्न : आमच्या जेटीजवळ सुरमई माशाचं १५ फुटी शिल्प उभारायचं आहे. तांबूस गंजाचं कॉर्टेन स्टील घ्यावं का? त्याला रंग लागत नाही म्हणे.
— एक वाचक, गुहागर

उत्तर : दिसतं झकास, पण जेटीवर नको. कॉर्टेनचा गंज घट्ट बसायला ते ओलं होऊन परत सुकावं लागतं. आपल्याकडे खारा थर ओल धरून ठेवतो, पावसाळ्यात तर सुकायचं नावच नाही. पापुद्रे सुटत पत्रा खाल्ला जातो.

३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील घ्या. त्यात खाऱ्या हवेतला गंज रोखणारा मॉलिब्डेनम धातू २ ते ३ टक्के असतो, नेहमीच्या ३०४ ग्रेडमध्ये नसतो. चुंबक लावून दोघांतला फरक कळत नाही, तेव्हा स्टीलमध्ये काय काय आहे ते सांगणारं मिलचं (कारखान्याचं) टेस्ट सर्टिफिकेट मागाच. साध्या लोखंडावर फिरवलेली ग्राइंडिंग डिस्क याला लावू देऊ नका. कण रुततात आणि तपकिरी ठिपके उठतात. मग दुकानदाराला शिव्या! वेल्डजवळचा निळा-काळा पट्टा पिकलिंग पेस्टने (आम्ल असलेल्या लेपाने) काढून भरपूर पाण्याने धुवा.

पाठ पावसाने धुतली जाते, डागाळतं ते पोट. तिथे गोड्या पाण्याचा पाइप पोचेल एवढी उंची ठेवा.

पैसे कमी असतील तर साधं पोलाद गॅल्व्हनाइझ करून, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून, वर रंग द्या. मात्र बंद पाइपांना भोकं हवीतच. जस्ताच्या हौदात ४५० अंश तापमान असतं, आत अडकलेल्या ओलीची वाफ होऊन पाइप फुटतो.