दाराआडची शी आणि संडासाची धास्ती

प्रश्न : आमचा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. शी लागली की तो दाराआड जाऊन पाय आवळून उभा राहतो आणि शेवटी चड्डीतच करतो. अंगणात पक्का संडास आहे, पण तिथे नेले की गळ्याला मिठी मारून रडतो. सासूबाई म्हणतात की त्यांची सगळी मुले वर्षाच्या आत बसायला लागली होती. मृग लागला की मी दिवसभर वावरात असेन. त्याआधी त्याला सवय लागावी असे वाटते. काय करावे?
— एक भगिनी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, सासूबाईंचे म्हणणे खोटे नाही. बाळाला स्वतःच्या पायांवर बसवून ठरलेल्या वेळी शी करवून घेण्याची आपल्याकडची पद्धत चांगलीच आहे. मात्र तिथे वेळ ओळखण्याचे काम आई किंवा आजी करत असे, बाळाचा स्वतःचा ताबा नंतरच येत असे. शी-शू रोखून धरण्याची आणि योग्य जागी सोडण्याची शक्ती साधारणपणे दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान, प्रत्येक मुलात आपापल्या गतीने येते. आपला मुलगा शी लागल्यावर आडोसा शोधतो, म्हणजे ती लागल्याचे त्याला कळते, आणि ही तयारीची मोठी खूण आहे. दोन-दोन तास चड्डी कोरडी राहत असेल आणि ती त्याला स्वतः खाली ओढता येत असेल, तर सुरुवात करायला हरकत नाही.

पण पाय आवळून उभे राहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. घरच्यांना वाटते की मूल कुंथत आहे किंवा हट्ट करत आहे. प्रत्यक्षात ते पुष्कळदा शी आत रोखत असते. एकदा खडा होऊन दुखले की मूल पुढच्या वेळी घाबरून रोखते, रोखल्यामुळे शी आणखी घट्ट होते, आणि मग ती आणखी दुखते. विदर्भातल्या उन्हाळ्यात पाणी कमी पडले तर हे लवकर घडते. म्हणून सवयीच्या आधी पोट पाहावे. वारंवार पाणी, पातळ वरण, पालेभाजी, पपई, भिजवलेल्या मनुका द्याव्यात, बिस्किटांचे पुडे आवरावेत, आणि दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवावे, कारण दुधाने पोट भरलेले मूल भाकर-भाजी खात नाही. साबणाची कांडी किंवा पानाचा देठ घालण्याचा उपाय कृपया करू नये. त्याने इजा होते आणि भीती दुणावते.

संडासाची धास्तीही समजण्याजोगी आहे. मोठ्यांसाठी बसवलेल्या भांड्याच्या पायऱ्या त्याच्या पायांना दूर पडतात, मध्ये काळे भोक दिसते, आत अंधार असतो. तिथे बसवण्याची घाई नको. आठवडी बाजारात प्लास्टिकची छोटी पॉटी मिळते; ती ओसरीत ठेवावी आणि पहिले काही दिवस चड्डीसकट बसू द्यावे. पाय जमिनीला टेकलेले आणि गुडघे किंचित वर असले की शी सोपी होते. पॉटी नसेल तर आजीच्या पायांवर बसवणे आजही तितकेच चालते. पोटात अन्न गेले की आतड्यांची हालचाल वाढते, त्यामुळे जेवणानंतर वीसेक मिनिटांनी पाचेक मिनिटे बसवावे, झाली नाही तर न रागावता उठवावे. चड्डीत झाली तरी मारणे, लाजवणे किंवा चारचौघांत हसणे नको.

लहान मुलाची शी निर्मळ असते हा समज मात्र सोडायला हवा. जुलाबाचे जंतू आणि जंतांची अंडी तिच्यातूनही पसरतात. ती उकिरड्यावर किंवा नाल्यात न टाकता संडासातच टाकावी, वर पाणी त्याच्याच हाताने ओतू द्यावे, आणि नंतर दोघांनीही साबणाने हात धुवावेत. रोज पाणी ओतता ओतता त्या जागेची भीतीही कमी होते.

रात्रीच्या शूची चिंता आत्ता करू नये. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओले होणे सामान्य आहे.

शीमध्ये रक्त, फुगलेले पोट, उलट्या, किंवा घट्ट शीच्या बाजूने पातळ पाझरून चड्डी सतत माखणे यांपैकी काहीही दिसले तर प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवावे.

राहिला पेरणीचा प्रश्न. मृगापर्यंत सवय पुरती लागेलच असे नाही, आणि त्या तारखेचा धाक मुलाला नको. दिवसभर त्याच्याजवळ सासूबाईच असणार, तेव्हा वेळ, जागा आणि शब्द दोघींनी आत्ताच ठरवून घ्यावेत, म्हणजे आपण वावरात गेल्यावरही त्याला सगळे तसेच मिळेल. तो अंगणवाडीत जाऊ लागला की शी लागल्यावर तो कोणता शब्द वापरतो, हे सेविकाताईंनाही सांगून ठेवावे.