अंगठा थांबत नाही तेव्हा

प्रिय मित्रा,

परवा जाता जाता म्हणालास, "सर, कितीही ठरवलं तरी मोबाइल सुटत नाही. माझ्यातच खोट आहे." ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

खोट तुझ्यात नाही. पूर्वी इंटरनेटवरचं पान खाली संपायचं. पुढचं हवं असेल तर बटण दाबावं लागे आणि तेवढ्यात माणूस भानावर येई. २००६ मध्ये अझा रास्किन या डिझायनरने न संपणारं स्क्रोलिंग तयार केलं. हेतू सोयीचा होता, पण पुढे त्यालाच त्याची जाहीर खंत वाटली. त्यात भर म्हणजे बरेचसे व्हिडिओ फुटकळ असतात आणि मधेच एखादा झकास निघतो. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. दाणा दर वेळी न मिळता अधूनमधूनच मिळाला, तर कबुतर जास्त चिवटपणे चोच मारत राहतं. शिवाय आवर घालणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो. सामना बरोबरीचा नाहीच, बाळा.

त्या दिवशी तू मोबाइल पालथा ठेवलास आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तुझा हात पुन्हा तिकडे गेला. वाजलं काहीच नव्हतं. हात गेल्याचं तुला कळलंही नाही.

म्हणून 'उद्यापासून बंद' अशी शपथ घेऊ नकोस. ती मोडली की स्वतःचाच राग येतो आणि तो विसरायला पुन्हा मोबाइलच उघडला जातो. त्यापेक्षा पानाचा हरवलेला तळ, म्हणजे थांबायची जागा, परत आण. पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू करणारं ऑटोप्ले बंद कर. रात्री चार्जर झोपायच्या खोलीबाहेर ठेव आणि गजरासाठी साधं घड्याळ घे. तुझ्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, आणि माझ्या मते आधी तीच सावरायला हवी. सुरुवातीला हात शिवशिवतील, कंटाळा अंगावर येईल. येऊ दे.

आणि चार दिवस एका वहीत टिपून ठेव, हात मोबाइलकडे जातो तेव्हा नुकतंच काय घडलेलं असतं? अवघड गणित? घरातलं भांडण? मला खरी काळजी त्या उत्तराची आहे. जेवण, झोप, शाळा सगळंच विस्कटत असेल तर समुपदेशकाकडे आपण दोघं जाऊ. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

रविवारी ये. वही आण, कोरी असली तरी चालेल.

तुझा,
सर