धारोष्ण दूध, गाभडलेली म्हैस आणि उकळी

भाऊ, चोपड्याजवळच्या तुमच्या गोठ्यात सातव्या महिन्याची गाभण म्हैस गाभडली, पशुवैद्यकांना ब्रुसेलोसिसचा (ब्रुसेला जंतूंमुळे जनावरं गाभडतात आणि माणसालाही लागतो, त्या रोगाचा) संशय आहे, आप्पा रोज पहाटे धारोष्ण दूध पितात आणि घरी पाश्चरायझेशन (दूध तापवून जंतू मारणं) कसं करायचं, हे तुम्ही विचारलंय.

आधी आप्पांचं धारोष्ण दूध आजपासून बंद करा. जन्मभर पचलं म्हणतील, पण हा पचनाचा प्रश्नच नाही. ब्रुसेलाचे जंतू एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातात, म्हणून बाकीच्या म्हशींचं दूधही निर्धास्त नाही, आणि कास निरोगी, दूध पांढरंशुभ्र दिसत असतानाही दुधात उतरतात.

डेअरीत दूध 72 अंशांवर 15 सेकंद किंवा 63 अंशांवर 30 मिनिटं तापवून लगेच थंड करतात. तेवढ्यात ब्रुसेला मरतो, टीबीचा जंतूही. घरी थर्मामीटरच्या नादी लागू नका, सरळ उकळी आणा. डावाने ढवळत राहा, दूध वर आलं की आच मंद करून दोन-तीन मिनिटं ठेवा. नुसतं कोमट करून काही साधत नाही. मग पातेलं गार पाण्यात ठेवून दूध निववा आणि फ्रिजमध्ये टाका. आपल्याकडच्या मे महिन्यात बाहेर राहिलेलं दूध तापवलेलं असूनही नासतं. कच्च्या मलईचं लोणी पोरांना चाटवू नका, कढवून तूप करा.

पण मला खरी काळजी गोठ्याची आहे. म्हशीची वार (जार) कोणी ओढली? हातमोजे होते का? सगळ्यात जास्त जंतू वारेत, गर्भात आणि त्या स्रावात असतात, आणि हाताला साधी चीर असली तरी शिरतात. दूध कितीही उकळलं तरी ही वाट बंद होत नाही. वार उकिरड्यावर टाकली असेल तर कुत्र्यांनी ओढायच्या आत हातमोजे, मास्क घालून खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. गरोदर बाईला तिकडे फिरकू देऊ नका.

आप्पांना किंवा गड्याला संध्याकाळी ताप, दरदरून घाम, कंबर-सांधे धरणं असं काही झालं तर डॉक्टरांना म्हैस गाभडल्याचं आपणहून सांगा. नाहीतर टायफॉइडच्या गोळ्यांत महिना जातो. ब्रुसेलोसिसचं औषध साधारण सहा आठवडे चालतं, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नाही.

4 ते 8 महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना लस टोचून घ्या. 2019 पासून केंद्राच्या कार्यक्रमात ती फुकट मिळते. अहवाल येईपर्यंत ती म्हैस वेगळी बांधा, आणि रतीबाने कच्चं दूध नेणाऱ्या शेजाऱ्यांनाही आजच सांगा.